बोहनी कोणाच्या हातात संपते

मनकर्णाबाईंच्या मनात भीती शिरली ती एका चहाच्या कपापासून.

अकोटच्या बसस्टँडसमोर त्यांचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, वर निळी ताडपत्री आणि मागे भिंतीला टांगलेली देवाची तसबीर. गावाबाहेर विहिरीखाली अर्धा एकर आहे. त्यात झेंडू, शेवंती आणि गलांडा. त्यांचे मालक आठ वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून शेत, दुकान आणि कुंदन, तिन्ही एकट्या मनकर्णाबाईंकडे.

कुंदन त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा उशिरा रडला. चालायला लागला चार वर्षांचा झाल्यावर. आता बावीस वर्षांचा आहे. हार असा ओवतो की दोन फुलांमधलं अंतर कुठे कमीजास्त होत नाही. नोटा रंगावरून ओळखतो. गिऱ्हाइकाला बसायला खोकं पुढे करतो. पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. मागितलं की दिलं. हार असो, चप्पल असो, खिशातला पैसा असो. मागणारा हसून बोलला की कुंदनचा हात आपोआप पुढे जातो.

एक दिवस तो दुपारी घरी आला तो खुशीत.

“माय, मले दादानं चहा पाजला. आलं टाकून.”

“कोन्त्या दादानं?”

“चांगल्या दादानं. मशीनवर अंगठा ठेवाले लावला मले. हिरवा दिवा लागला.”

मनकर्णाबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. कुंदनचा अपंगत्वाचा पगार दर महिन्याला त्याच्या खात्यात जमा होई. चारपाच महिने त्यांनी त्या पैशाला हात लावला नव्हता. थंडीच्या आधी त्याला चांगलं पांघरूण आणि बूट घ्यायचे होते. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पाहिलं तर खातं कोरडं. पोलिसांनी अर्ज घेतला, दादाचं वर्णन विचारलं. कुंदननं सांगितलं, “गोड बोलते.”

पैसे गेल्याचं दुःख महिनाभरात ओसरलं. भीती मात्र गेली नाही. स्टँडवर कोणी सहज “काय कुंदन, कसा हायेस?” म्हणालं तरी मनकर्णाबाई त्या माणसाच्या हातांकडे पाहत. जेवताना वरणभातात बुडलेला पोराचा अंगठा दिसला की त्या आपलं ताट बाजूला सारत. एवढासा अंगठा, आणि सगळं घर त्याच्यातून वाहून जाऊ शकतं. मी हाये तोवर ठीक, मी गेल्यावर? हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यायला कोण होतं?

दुकानाशेजारी नारळ विकणाऱ्या जमुनाबाईंनी अकोल्याचा पत्ता आणून दिला. त्यांच्या भाचीची मुलगी तिथे जात असे. अकोल्यात शिरतानाच लागणाऱ्या ‘अकोट स्टँड’ नावाच्या चौकात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, वर्षाली मॅडमचा वर्ग भरतो. कुंदनसारखी सातआठ मुलंमुली तिथे पैसे वापरायला शिकतात आणि त्यांचे आईबाप मागच्या बाकावर बसून शिकतात. दर शनिवारी मायलेक एसटीनं जाऊ लागले.

वर्षाली मॅडमनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे अंगठ्यानं पैसे काढायची सोय बंद करून घेतली. मग कुंदनला सही शिकवली. त्यात उन्हाळा गेला. ‘कुं’वरचा अनुस्वार तो आधी द्यायचा आणि मग त्याच्याखाली अक्षर शोधत बसायचा. पण जमलं. अकोटच्या बँकेतले अमोलभाऊ स्लिपवर आकडा लिहून देत, कुंदन सही करी आणि थोडेसे पैसे स्वतः काढून आणी. बँकेतून निघताना फोन बंद, पिशवी पोटाशी, वाटेत कोणाशी गप्पा नाहीत, हेही त्यानं पाठ केलं.

‘नाही’ म्हणणं मात्र येईना. वर्गात मॅडम ठकाचं सोंग घेत.

“कुंदनदादा, शंभर रुपये दे ना. उद्या देते परत.”

कुंदन शंभराची नोट काढून देई आणि वर विचारी, “पुरतीन काय?”

सगळा वर्ग हसे. मागच्या बाकावरच्या मनकर्णाबाईंना हसू येत नसे.

मग एका सकाळी दुकानात वेगळंच घडलं. मनकर्णाबाई पाणी आणायला गेल्या होत्या. परत येतात तर एक कंडक्टर पाटासमोर उभा, आणि कुंदन देवाच्या तसबिरीमागच्या डबीवर दोन्ही हात झाकून बसलेला.

“अबे, दोनशेचे सुटे मागून राहिलो, फुकट नाई मागत,” कंडक्टर म्हणत होता.

“बोहनी हाये. नाई भेटत.”

“त्या डबीत शंभराच्या दोन नोटा दिसून राहिल्या न मले!”

“बोहनी हाये म्हनलं न! नाई भेटत!”

मनकर्णाबाईंनी घागर तिथेच टेकवली. पोराच्या तोंडून ‘नाई’ हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, तोही दोनदा.

बोहनीचा नियम त्यांच्या दुकानात कडक होता. सासूपासून चालत आलेला. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा कपाळाला लावायचा आणि तसबिरीमागच्या डबीत ठेवायचा. मग दिवसभर तो सुट्ट्यासाठी द्यायचा नाही, उसना द्यायचा नाही, देवळासाठी वर्गणी मागायला आले तरी द्यायचा नाही. संध्याकाळी दिवा लागला की मनकर्णाबाई स्वतःच्या हातानं तो बाहेर काढत, डोळ्यांना लावत आणि गल्ल्यात टाकत. कुंदन लहानपणापासून हे रोज पाहत आला होता.

त्याच दिवशी त्यांनी त्याला समोर बसवलं.

“हे पाय कुंदन. तुया बँकेतला पैसा हाये न, तो सबन बोहनीचा हाये. समजलं?”

“सबन?”

“सबन. रुपयान् रुपया. कोनी मागतला तं काय म्हनशीन?”

“बोहनी हाये. नाई भेटत.”

“गोड बोलला तं?”

“नाई भेटत.”

“चहा पाजला तं?”

“चहा पिऊन घेईन. नाई भेटत.”

पुढच्या शनिवारी मॅडमनं तीन सोंगं घेतली. आजारी बाईचं, बँकेच्या साहेबाचं, जुन्या मित्राचं. कुंदन तिन्ही वेळा हलला नाही. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मॅडमनं निघताना त्यांना थांबवलं. “काकू, छान युक्ती काढली तुम्ही. पण बोहनी संपते कधी, तेही शिकवा त्याला.”

“संपाले कायले पायजे मॅडम? चालू असू द्या न.”

“गरजेला पैसे लागले तर? तुम्ही नसलात तर?”

“मी नसल्याचीच तं ही सोय हाये,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि बस पकडायला निघाल्या.

भीती माणसाला एका जागी थांबू देत नाही. फोनवर घरच्यांचा आवाज काढून फसवतात असं कोणीतरी सांगितलं. मनकर्णाबाईंनी कुंदनला शिकवलं, फोनवर मायचा आवाज आला तरी द्यायचे नाहीत. मग त्यांना स्वतःच्या खात्याचीही खात्री वाटेना. त्यांचाही अंगठा होताच की! म्हैस विकल्याचे पैसे, भिशी लागली ते पैसे, सगळे त्यांनी हळूहळू कुंदनच्या खात्यात टाकले. तिथे बोहनी राखणीला बसली होती. जगात त्यांना सुरक्षित वाटणारी ती एकच जागा उरली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्या झेंडूची पोती घेऊन अकोल्याच्या फुलबाजारात गेल्या. सणाच्या वेळी तिथे भाव बरा लागतो. कुंदनला दुकानात बसवलं आणि जमुनाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. बाजारात पायाखाली ओल्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. पोतं उतरवताना पाय सरकला आणि त्या डाव्या अंगावर पडल्या. उठायला गेल्या तर पाय सोबत आलाच नाही.

दवाखान्यात फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करायचं ठरलं. सरकारी योजनेत बसलं असतं, पण रेशनकार्डावर त्यांचं नाव ‘मनकरणा’ आणि आधारवर ‘मनकर्णा’. दुरुस्तीला आठवडा लागला असता, आणि डॉक्टर म्हणाले, इतके दिवस थांबणं बरं नाही. आत घालायचा सांधा आणायला संध्याकाळपर्यंत तीस हजार भरायचे होते.

धाकटे दीर उत्तमराव भातकुलीहून मोटारसायकलनं येऊन पोहोचले होते. त्यांच्याजवळ सहा हजार होते, ते फोटो-औषधांतच जाणार होते.

“वयनी, तुमचे पैसे कुठी हायेत? म्हशीचे आले होते न?”

“कुंदनच्या खात्यात.”

“मंग झालं! लावतो फोन. पैसे काढून जमुनाबाईपाशी दे म्हनतो. तिचा जावई घेऊन येईन.”

त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मनकर्णाबाई उशीवरून ऐकत होत्या.

“कुंदन बापू, मी काका बोलून राहिलो. तुयी माय पडली, दवाखान्यात हाये. बँकेत जाय, तीस हजार काढ अन् जमुनाबाईपाशी दे.”

पलीकडून बसचे हॉर्न ऐकू आले. मग कुंदन शांतपणे म्हणाला, “बोहनी हाये काका. नाई भेटत.”

“अबे बोहनी गेली खड्ड्यात! तुयी माय इथं पडून हाये!”

“नाई भेटत.”

उत्तमरावांनी कपाळावर हात मारला आणि फोन वहिनीच्या कानाला लावला.

“कुंदन, मी होय बापू. माय होय. दे जमुनाबाईपाशी. मी म्हनतो न.”

पलीकडे एक बस सुटल्याचा आवाज आला.

“कुंदन?”

“आवाज हाये,” तो म्हणाला. “माय नाई. आवाज हाये.”

हे मनकर्णाबाईंनीच शिकवलेलं होतं. शेणानं सारवलेल्या ओट्यावर बसून, परत परत, न चुकता. आता काय सांगायचं त्याला? दे म्हणावं तर शिकवलेलं सगळं एका फोनवर मोडतं, आणि उद्या दुसरा कोणी असाच आवाज काढील. नको म्हणावं तर सकाळचं ऑपरेशन राहतं. आणि त्या तशाच पडून राहिल्या, अंथरुणाला खिळल्या, तर कुंदनचं काय? दोन्ही बाजूंनी एकच खड्डा होता आणि तो त्यांनी स्वतः खणला होता.

“कुंदन,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मंग कोनाच्या हातात देशीन रे?”

“मायच्या हातात. दिवा लागल्यावर.” आणि फोन बंद झाला.

उत्तमराव ओळखीच्या लोकांना फोन करत राहिले. सणाच्या तोंडावर सगळ्यांचेच हात आखडलेले. दुपार कलली तेव्हा मनकर्णाबाईंच्या फोनवर बँकेतल्या अमोलभाऊंचा फोन आला.

“मावशी, बरी आहे ना तब्येत? कुंदननं आत्ता तीस हजार काढले. स्लिपवर आकडा मी लिहून दिला, सही त्यानंच केली. मायले द्याचे म्हणाला. तुम्हाला फोन लावत होतो, लाइन सारखी बिझी. तेवढ्यात तो निघून गेला स्टँडकडे.”

उत्तमरावांनी फोन हिसकला. “अहो, तीस हजार देऊन एकटा सोडला त्याले? डोकं हाये का नाई तुमाले?”

“भाऊ, खातं त्याचं आहे. मी कसा अडवू?”

कुंदनचा फोन लावला. बंद. परत लावला. बंद. बँकेतून निघताना फोन बंद, पिशवी पोटाशी. मनकर्णाबाईंना तेही आठवलं.

जमुनाबाईंना फोन केला तर त्या रडत होत्या. “मी नारळ फोडून राहिलो होतो वं. मागं पाह्यलं तं दुकानावर फडकं झाकेल. कोनी म्हनते अकोल्याच्या गाडीत बसला. कोनासंग दिसला विचारलं, तं म्हनते गर्दी होती, काई समजलं नाई.”

कोणासंग. त्या एका शब्दानं मनकर्णाबाईंच्या डोळ्यांपुढे तो चांगला दादा उभा राहिला. आलं टाकलेला चहा. हिरवा दिवा. कुंदन एकटा कधीच बसमध्ये बसला नव्हता. कायम खिडकीशी कुंदन आणि बाजूला त्या. आता बाजूला कोण बसलं असेल? पिशवीत काय आहे रे, असं कोणी हसून विचारलं तर तो काय सांगेल? खरं सांगेल. त्याला दुसरं काही सांगताच येत नाही.

उत्तमराव अकोल्याच्या मोठ्या बसस्टँडवर गेले. मनकर्णाबाई छताकडे पाहत पडून होत्या. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, “दुखते का वं लय?” त्यांनी मान हलवली. दुखणं कुठे आहे हेच त्यांना समजत नव्हतं. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, फिरताना टकटक करत होतं, आणि त्या प्रत्येक टकटकीबरोबर त्यांना वाटे, दार वाजलं.

फोन वाजला. उत्तमराव होते.

“वयनी, गाडी आली. सबन उतरले. पोट्टा नाई त्याच्यात.”

“नीट पायलं काय भावजी? मागच्या शिटावर?”

“आत चढून पायलं. कंडक्टरले विचारलं. त्याले काई ध्यान नाई.”

मनकर्णाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चादरीचा काठ मुठीत धरला आणि तो सुटेना. पैसे गेले तर जाऊ दे, ऑपरेशन जाऊ दे, पाय जाऊ दे, त्या मनात म्हणत होत्या. नुसता पोरगा येऊ दे. हात रिकामे असू दे, पण येऊ दे. आपण त्याला पैसा सांभाळायला शिकवलं. जीव सांभाळायला कुठे शिकवलं? पिशवी ओढली कोणी तर तो सोडणार नाही. बोहनी आहे म्हणेल आणि मार खाईल.

वॉर्डातले दिवे लागले.

दाराशी आधी वर्षाली मॅडम दिसल्या. त्यांच्या मागे कुंदन. शर्ट घामानं भिजलेला, छातीशी फुलांची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट. चेहरा इतका पांढरा पडलेला की मनकर्णाबाईंना क्षणभर ओळखूच आला नाही. तोही घाबरला होता. एवढा वेळ त्यांच्या मनात हे आलंच नव्हतं.

“काकू, हा आपल्या वर्गाच्या चौकात, अकोट स्टँडलाच उतरला,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही धाप लागली होती. “नेहमीसारखा. आज शनिवार नाही, दुसऱ्या मुलांचा वर्ग होता; तरी सरळ माडी चढून आला आणि आपल्या जागेवर बसला. म्हणे, मायचा दवाखाना कुठं हाये ते सांगा. मला तुमच्या पडण्याचं काहीच कळलं नव्हतं. तुमचा फोन लागेना, म्हणून फुलबाजाराजवळचे दवाखाने शोधत आलो. रिक्षात मी म्हटलं, पिशवी माझ्याकडे दे, तू घामेघूम झालास. तर मलाही म्हणाला, नाई भेटत.”

कुंदन खाटेजवळ आला. त्यानं आधी मायचा चेहरा पाहिला. मग हात लावून पाहिला, गालाला. आवाज नव्हता, माय होती. मग त्यानं पिशवीतला झेंडू चादरीवर ओतला. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली गड्डी होती. ती त्यानं मायच्या हातात ठेवली.

“दिवा लागला,” तो म्हणाला. “लाव डोयाले.”

मनकर्णाबाईंनी गड्डी डोळ्यांना लावली. कागद ओला झाला.

“संपली बोहनी?” कुंदननं विचारलं.

‘हो’ त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात उत्तमराव धापा टाकत आत आले, कुंदनला पाहून भिंतीला टेकले आणि म्हणाले, “हरामखोरा, जीव घेतला आमचा!” आणि लगेच हात पुढे केला, “आना वयनी, खिडकी बंद होईन, भरून येतो.”

कुंदन त्या हाताकडे पाहत होता. मनकर्णाबाई कुंदनकडे पाहत होत्या. सकाळी भूल देणार होते. या वयात उठेनच याची कोणी हमी दिली नव्हती. आणि पोराला बोहनी संपवणारा हात एकच माहीत होता. तोच हात उद्या नसला तर हा दर संध्याकाळी दिव्यापाशी पिशवी धरून बसेल. उपाशी बसेल, पण कोणाला देणार नाही. नाहीतर कंटाळून एक दिवस पहिल्या गोड बोलणाऱ्याला देईल. वर्षाली मॅडमनं विचारलं होतं. त्यांनी बस पकडायची घाई केली होती.

त्यांनी गड्डी परत कुंदनच्या हातात दिली.

“नाई संपली अजून. भावजी, इकडं या. मॅडम, तुमीबी. हात पुढं करा. दोघंयबी. असे नाई, एकाले एक लावून. ओंजय करा.”

उत्तमरावांचा राकट हात आणि मॅडमचा हात शेजारी शेजारी आले. उत्तमराव संकोचले. “हे काय खूळ काढलं वयनी?”

“उगे राहा जरा. कुंदन, पाय इकडं. माया हात नसला, तं हे दोन हात. एकट्या काकाच्या हातात नाई द्याचे. एकट्या मॅडमच्या हातातबी नाई. दोन्ही मिळून असले, तुयाजोळ उभे असले, दिवा लागला असला, का बोहनी संपली. म्हन.”

“दोन हात. मिळून. दिवा.”

“अन् एकच हात असला तं?”

“नाई भेटत.”

“शाबास. दे आता.”

कुंदन हलला नाही. बाजूच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती. पंखा टकटक करत होता.

“तुया हात कुठी चालला माय?” त्यानं विचारलं.

मनकर्णाबाईंनी त्याच्या कपाळावरचा घाम हातानं पुसला. मग त्या म्हणाल्या, “कुठी नाई बापू. सकाळी आपरेशनले जातो. येतो परत.”

त्यानं काकाचा हात पाहिला, मॅडमचा पाहिला. मग गड्डी त्या दोघांच्या ओंजळीत ठेवली. बोटं एकेक करून सुटली. अंगठा मात्र वर्तमानपत्रावर तसाच दाबलेला राहिला, आणि मायनं मान हलवून “सोड” म्हणेपर्यंत त्यानं तो उचलला नाही.